काम संपलेल्या वस्तू

वस्तू वापरात असते तोवर आपण तिचा उपयोग पाहतो, वस्तू पाहत नाही. तहान लागली की हात तांब्याकडे जातो. त्याच्या गळ्याचा बाक कुठे सुरू होतो आणि पोटात कुठे विरतो, हे पाणी पिताना कुणी बघत नाही. बघायची गरजही नसते. पुढे तांब्याचं बूड गळायला लागतं, तो माळ्यावर जातो, माळ्यावरून भंगारात जातो. त्याचं काम संपतं आणि तेव्हाच तो पहिल्यांदा नीट दिसायला लागतो. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टी परिसरात चित्रकला शिकवताना आणि स्वतः चित्रं काढताना मला जे समजलं ते एवढंच आहे. पण एवढं समजायला बरीच वर्षं गेली, आणि ती कशी गेली हे सांगितल्याशिवाय या बोलण्याला वजन येणार नाही.

काष्टीचं नाव महाराष्ट्रात माहीत आहे ते जनावरांच्या बाजारामुळे. दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी भीमेचा पूल ओलांडून अहिल्यानगर जिल्ह्यात शिरली की लवकरच काष्टी स्टेशन लागतं. दर शनिवारी इथे बैल, गाई, म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांनी बाजारतळ भरून जातो. जुन्या वळणाचे व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवताना मी पाहिलेत. कडेनं दावी, कासरे, वेसणी, म्होरक्या, चाबूक, गोंडे, घुंगरमाळा यांची दुकानं लागतात. लोक या नव्या वस्तू घ्यायला येतात. मी मात्र बाजार उठायच्या वेळी जायची. जमिनीवर जे पडून राहिलेलं असायचं त्यात मला रस होता: तुटलेलं दावं, झिजून निखळलेली बैलाच्या खुराची पत्री, गोंड्यातून सुटलेली कवडी, दांडा मोडलेला चाबूक. जनावरांच्या बाजारात बाई माणूस स्केचबुक घेऊन बसलेलं दिसलं की लोक थांबायचे. काही दिवस अवघड गेलं. मग त्यांना माझी सवय झाली.

हे काही मला आधीपासून सुचलेलं नव्हतं. एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, करून नोकरीला लागले तेव्हा स्थिरचित्राची माझी कल्पना ठरलेली होती. टेबलावर घड्या पाडलेलं कापड, त्यावर फुलदाणी, शेजारी दोन फळं आणि डाव्या बाजूनं उजेड. शाळेच्या कपाटात लाकडी घन, शंकू, दंडगोल होते. एक चिनीमातीची बरणी होती आणि प्लास्टिकची द्राक्षं होती. महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा कित्येक पिढ्यांनी दिल्यात. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. त्यांच्या जोडीला स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण मिळतात, म्हणून खेड्यातली मुलंही मोठ्या संख्येनं बसतात. आमची मुलं बाजारात मिळणारी मार्गदर्शक पुस्तकं आणून त्यातल्या बरण्या गिरवत. समोर बरणी ठेवली तरी मान खाली घालून पुस्तकातलीच बरणी काढत. निकाल चांगला लागायचा. पण त्यांनी समोरच्या वस्तूकडे पाहिलेलं नाही, हे प्रत्येक कागदावरून मला कळत होतं.

एका वर्षी मी वर्गाला सांगितलं, घरात पडून असलेली आणि आता कुणी वापरत नाही अशी एक वस्तू आणा. दुसऱ्या दिवशी बाकांवर जे येऊन पडलं ते पाहून मी थक्क झाले. काच तडकलेला कंदील, रॉकेलच्या स्टोव्हची पितळी टाकी, सायकलची घंटी, कल्हई उडालेलं पातेलं, जुवाची शिवळ, विहिरीतून काढलेला बिडाचा फूटव्हॉल्व्ह. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाताना आमच्या भागाच्या शेतीचा पन्नास-साठ वर्षांचा प्रवास दिसत होता. मोट गेली, डिझेल इंजिन आलं, मग विजेचा पंप आला. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचं पाणी फिरलं, ऊस आला, लिंबाच्या बागा आल्या. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. प्रत्येक बदलानं काही वस्तू घराबाहेर काढल्या, आणि त्या गोठ्याच्या वळचणीला पडून राहिल्या.

त्यात एक चाडं होतं. पाभरीवर बसवतात तो लाकडी वाडगा. त्याच्या तळाला भोकं असतात, त्यातून बी नळ्यांमध्ये उतरतं आणि फणाच्या मागं मातीत पडतं. चाड्यावर मूठ धरणं म्हणजे पेरणीला सुरुवात करणं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. ज्या मुलानं ते आणलं त्यानं शिकवल्याप्रमाणे आधी मध्यरेषा आखली आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या काढल्या. चित्र बरोबर होतं, पण ते त्या चाड्याचं नव्हतं. त्या चाड्याची एक कड दुसरीपेक्षा बरीच खाली बसलेली होती. मी त्याला काही सांगितलं नाही. फक्त कडेवरून बोट फिरवायला लावलं. दुसऱ्या दिवशी तो घरून विचारून आला. पेरताना मूठ धरणाऱ्याचं मनगट तिथे टेकायचं. वर्षानुवर्षं टेकून लाकूड झिजलं होतं. त्यानं नवा कागद घेतला आणि ती कड खाली उतरवली. वर्गातल्या इतर मुलांनी आपापल्या वस्तू पुन्हा हातात घेतल्या आणि त्या कुठे झिजल्यात हे शोधायला सुरुवात केली.

माझ्या शिकवण्याला वळण लागलं ते इथे. मध्यरेषा, प्रमाण, यथार्थदर्शन हे सगळं शिकवायलाच हवं. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीनं उंची-रुंदी मोजायला यायलाच हवी. पण नवी वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असते आणि वापरलेली वस्तू तशी राहत नाही. जिथे ती सारखी नाही तिथेच तिच्याजवळचं माणूस सापडतं. त्यानंतर मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारू लागले: ही वस्तू कुणाच्या हातात होती आणि तो हात कुठे धरायचा?

कौशल्याच्या गोष्टीही टाकाऊ वस्तूंनीच जास्त शिकवल्या. गोल तोंडाची कोणतीही वस्तू कागदावर लंबवर्तुळ होऊन उतरते. डोळ्यांच्या पातळीजवळचं लंबवर्तुळ चपटं दिसतं, त्याखालचं अधिक गोल दिसतं. म्हणून डब्याचं झाकण आणि बूड यांचे बाक एकसारखे काढले तर डबा टेबलावर बसत नाही. हे फळ्यावर कितीही वेळा सांगितलं तरी मुलं लंबवर्तुळाच्या दोन टोकांना कोपरे काढतात. पण पोचे आलेली घागर समोर ठेवली की कोपरे आपोआप जातात, कारण पोचा कुठे आहे हे शोधताना डोळा त्या गोलाईवरून सावकाश फिरतो. पडछाया वस्तूच्या अगदी बुडाशी सर्वांत गडद असते आणि दूर जाताना फिकट होते. सावलीच्या बाजूलाही कडेजवळ टेबलावरून उसळलेला मंद उजेड असतो. गुळगुळीत बरणीवर हे पटकन दिसत नाही. खरबरीत बिडावर, पिळाच्या दोरावर, भेगा पडलेल्या लाकडावर ते हातानं चाचपता येईल इतकं स्पष्ट दिसतं.

धातू ओळखायला मला एका भंगारवाल्यानं शिकवलं. त्याच्या शेडमध्ये मी पुष्कळ दुपारी काढल्या. तो वस्तू हातात घेतली की आधी लोहचुंबक लावायचा, मग कानस मारायचा, मग वाजवून बघायचा. कानस मारल्यावर पिवळं चमकलं की पितळ, तांबूस चमकलं की तांबं. बीड तुटलं की आत राखाडी दाणे दिसतात. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. ते हाताला हलकं लागतं आणि आवाज बोदा येतो. तोवर मी सगळे धातू एकाच पद्धतीनं रंगवत होते: एका बाजूला पांढरा चट्टा आणि दुसऱ्या बाजूला काळा. त्याच्या शेडमध्ये बसल्यावर दिसलं की पितळावरच्या चमकेला पिवळी झाक असते आणि जर्मनवर उजेड पसरट, दुधाळ पडतो. तांब्याच्या सावलीत शेजारच्या वस्तूंचे रंग उतरतात. बिडावर तर चमक अशी नसतेच. उजेड त्याच्या दाण्यांत मुरून जातो. तो माणूस चित्रकलेतलं काही शिकलेला नव्हता, पण पृष्ठभागाचं ज्ञान त्याच्याइतकं मला कुणी दिलं नाही. माझ्या पसंतीच्या वस्तू तो बाजूला ठेवायचा आणि मी त्या अनामत ठेवून घरी न्यायची. गाडी भरायच्या आधी परत करायच्या, हा आमचा करार.

इथल्यासारखं भंगार लोखंड व्यापाऱ्यांच्या साखळीतून जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांपर्यंत जातं, तिथे वितळतं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. मी काढलेल्या नांगराच्या फाळाची आज कुठल्यातरी इमारतीच्या खांबात सळई झाली असेल. हे कळल्यावर सुरुवातीला मला हळहळ वाटली. सगळं जपून ठेवावं असं वाटायचं, आणि घरात इतक्या वस्तू साठल्या की बसायला जागा उरेना. मग हळूहळू पटलं की लोखंड पुन्हा कामाला लागणं ही चांगलीच गोष्ट आहे. मला वस्तू ठेवायची नाही, तिला पाहायचं आहे. चित्र काढून झालं की फाळ परत करताना मन मोकळं असायचं, कारण त्याची प्रत्येक खाच मला पाठ झालेली असायची.

रंगांचंही तसंच. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. चित्रकाराच्या पेटीतले यलो ऑकर, बर्न्ट सिएना हे रंग आणि आपल्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा गेरू यांच्या मुळाशीही लोहाचे ऑक्साइडच आहेत. मी मुलांना गेरू कुटून, डिंकाच्या पाण्यात कालवून गंजलेली पत्री रंगवायला लावली, तेव्हा वस्तू आणि रंग एकाच जातीचे निघाले. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून घोड्याची नाल जशी एकसंध असते तशी बैलाची पत्री नसते. खुराच्या प्रत्येक अर्ध्याला वेगळी पट्टी ठोकतात. डांबरी सडकेवर चालून ती टोकाकडे कागदाइतकी पातळ होते आणि खिळ्यांची भोकं लांबट होतात. त्या लांबट भोकांचं चित्र काढताना एका मुलीनं विचारलं होतं, बैलाला हे टोचत असेल का? वस्तूचं चित्र काढता काढता ती जनावरापर्यंत पोचली होती. याहून चांगलं स्थिरचित्र मी कुणाकडून अपेक्षिलं नाही.

एक आठवण सांगताना मला अजूनही जपून बोलावंसं वाटतं. आमच्या तालुक्यात साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, कोप्या बांधून राहतात. त्यांची काही मुलं तेवढ्या महिन्यांसाठी आमच्या शाळेत बसतात. अशा एका मुलीनं जर्मनचं एक पातेलं आणलं. बाहेरून पूर्ण काळं, एक कान तुटलेला. बाकीच्यांच्या वस्तू पाहिल्यावर तिनं ते बाकाखाली ढकललं. मी तिला विचारून ते मध्यभागी मांडलं आणि सगळ्या वर्गाला काढायला दिलं.

काळ्या वस्तूचं चित्र फार अवघड. काजळी उजेड गिळते, म्हणून कडा दिसत नाहीत. मुलांनी आधी सरसकट काळं फासलं. मग बघता बघता एकेक दिसू लागलं. बुडाशी जाड, मखमली काळं. मध्यावर तपकिरी झाक. काठाजवळ राखेनं घासून घासून जर्मन उघडं पडलेलं, तिथे रुपेरी. एका अंगाला काळेपणा वरपर्यंत चढलेला. तो का, हे कुणाला सांगता येईना. तेव्हा ती मुलगी उठली आणि म्हणाली, तीन दगडांच्या चुलीत लाकूड ज्या बाजूनं सारतात त्या बाजूला जाळ वर येतो. सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघत होता, आणि ती त्यांना चुलीबद्दल समजावून सांगत होती.

पण त्या दिवशी मी स्वतःला एक गोष्ट बजावली. ते पातेलं सुंदर आहे, पण ज्या परिस्थितीनं ते काळं केलं ती सुंदर नाही. उघड्यावरची चूल, पहाटे उठून उसाच्या फडात जाणारी आई, मध्येच सुटणारी शाळा, यांचं कौतुक करायचं नसतं. टाकाऊ वस्तूंची चित्रं काढणाऱ्यानं ही रेघ कायम सांभाळली पाहिजे. आपण मान देतो तो वस्तूवर पडलेल्या श्रमाच्या खुणांना. गरिबीला सजवून दाखवणं हे आपलं काम नाही.

वर्गातल्या मुलांना मी के. एच. आरा यांच्याबद्दल सांगत असे. 1914 मध्ये सिकंदराबादजवळच्या बोलारमला जन्मलेला हा चित्रकार लहानपणीच मुंबईत आला, घरगडी म्हणून राहिला, मोटारी धुतल्या. 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत ते होते. त्यांनी आयुष्यभर रंगवलं ते मुख्यतः स्थिरचित्र: फुलं, भांडी, टेबलावरच्या साध्या वस्तू. स्थिरचित्राला मॉडेलला द्यायचे पैसे लागत नाहीत, प्रवास लागत नाही, मोठी जागा लागत नाही. खेड्यातल्या मुलासाठी याहून खुला चित्रप्रकार नाही, हे मला आरांकडे पाहून पटलं.

पुण्याच्या एका सहलीची आठवण मुलं अजून काढतात. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आम्ही पाहिलं. अज्ञातवासी या नावानं कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभं केलं. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, अंग घासायच्या वज्री आहेत, दौती आहेत, कुलपं आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारी पाहायला मिळतील म्हणून आलेली मुलं अडकित्त्यांपुढे थांबली. एकानं हळूच सांगितलं, बाई, आमच्या घरी असला होता, तो मोडीत घातला. मी त्याला म्हटलं, मग आठवून काढ. आणि त्यानं काढला. आजीच्या चंचीतला, एका पात्याला दातरं पडलेला. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा विषय असतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी नव्यानं समजला.

मोठ्या चित्रकारांची चित्रं मी छापील पुस्तकांतूनच पाहिली. फ्रान्सच्या शार्दां या चित्रकारानं 1734 च्या सुमाराला पाणी साठवायच्या तांब्याच्या एका टाकीचं चित्र काढलं. ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ते पाहिल्यावर मला आमच्या न्हाणीतला बंब आठवला. इटलीत बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी यांनी त्याच त्या बाटल्या, डबे, वाडगी यांची मांडणी बदलत बदलत आयुष्यभर चित्रं काढली. त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं. एकच बाटली माणूस किती वेळा बघेल?

त्याचं उत्तर 2020 मध्ये मिळालं. टाळेबंदीत बाजार बंद झाला, शाळा बंद झाली, भंगारवाल्याची शेड बंद झाली. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार थांबवले गेले, तेव्हा काष्टीचा बाजारतळ पुन्हा ओस पडला. या दोन्ही वेळी माझ्याजवळ होत्या त्या फक्त मागे राहिलेल्या थोड्या वस्तू: एक दावं, एक किटली, एक कंदील. त्याच मी पुन्हा पुन्हा काढल्या. सकाळच्या उजेडात, दिव्याखाली, उंचावरून, जमिनीवर बसून. पहिल्या काही चित्रांत मी वस्तू काढत होते. त्यानंतर वस्तूंमधलं अंतर दिसायला लागलं. किटली आणि कंदील यांच्यामधली रिकामी जागाही एक आकार आहे आणि तो चुकला तर दोन्ही वस्तू चुकतात, हे मी वर्गात सांगत आले होते. डोळ्यांना ते खऱ्या अर्थानं त्या बंद दिवसांत दिसलं. बाहेर मात्र माणसं अडचणीत होती. विकायची जनावरं दावणीला उभी होती, चारा विकत घ्यावा लागत होता. मला मिळालेला निवांतपणा कुणाच्या तरी तोट्यातून आलेला आहे, ही जाणीव त्या चित्रांबरोबर कायमची जोडली गेली.

बाजार पुन्हा भरू लागल्यानंतरची एक संध्याकाळ. एक वयस्कर शेतकरी बैल विकून लिंबाखाली बसले होते. हातात जुनं दावं होतं. बैल दिला तरी दावं देत नाही, असं ते म्हणाले. मी ते काढू का, असं विचारलं. "आवो बाई, नवं दावं शेजारच्या दुकानात हाय की," ते म्हणाले. तरी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. माझं काढून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग चित्रावर बोट ठेवून वाचायला लागले. "हितं खुंट्याला घासलंय. हितं मानेला मऊ पडलंय. आन् ही गाठ माझ्या पोरानं मारलेली." बैलाचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. चित्र त्यांना देऊ केलं तर नको म्हणाले. दावं हाताशी होतं, ते त्यांना पुरेसं होतं.

तेव्हापासून माझ्या चित्रांची परीक्षा मी एकाच प्रश्नानं घेते: ही वस्तू ज्यानं वापरली त्याला या चित्रात आपला वापर सापडतो का? गॅलरीत कुणाला ते आवडेल की नाही हा पुढचा प्रश्न आहे.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे चित्रकार झाले. हे मोकळेपणानं सांगायला हवं, कारण चित्रकलेच्या तासाचं मोजमाप नेहमी तसंच केलं जातं. बहुतेक जण शेती, दुकान, कारखाना, नोकरी यांत आहेत. फॅब्रिकेशनचं काम करणारा एक जण भेटला होता. पाइप तिरका कापला की त्याचं तोंड लंबवर्तुळाकार होतं. वर्गात लंबवर्तुळं काढल्यामुळे जोड कुठे बसेल हे कापण्याआधी दिसतं, असं तो सांगत होता. एक विद्यार्थिनी लग्नानंतर सासरी गेल्यावर तिथल्या जुन्या माळ्यावरच्या वस्तूंची वही करते आहे: वस्तू, तिचं नाव, ती कशासाठी होती. शिवळ, जुपणी, सोंदूर, धाव असे शब्द तिला सासूबाईंकडून चित्रांखाली लिहून मिळाले. वस्तू गेली की तिचं नावही काही वर्षांत जातं. चित्र काढताना नाव विचारावं लागतं, म्हणून ते थोडं अधिक टिकतं.

माझी विनंती दोघांना आहे. चित्रकलेच्या शिक्षकांनी कपाटातले लाकडी शंकू आणि प्लास्टिकची फळं काही महिने बंद ठेवावीत आणि मुलांच्या घरातून वस्तू मागवाव्यात. परीक्षेच्या गुणांवर याचा वाईट परिणाम होत नाही, उलट हात सुधारतो, हा माझा अनुभव आहे. आणि घरच्यांनी भंगारवाला दारात आला की पोतं त्याच्या काट्यावर टाकण्याआधी त्यातली एक वस्तू बाजूला काढावी. साधी शिसपेन्सिल आणि कोणताही कोरा कागद पुरतो. वस्तू खिडकीजवळ ठेवा, म्हणजे एकाच बाजूनं उजेड येईल. तासभर तिच्याकडे बघत काढा, आणि ती कुठे झिजली आहे ते शोधा. चित्र कसं आलं याची काळजी करू नका. तिचं नाव आणि ती वापरणाऱ्या माणसाचं नाव खाली लिहा. मग वस्तू खुशाल मोडीत घाला.